पाहुण्याच्या हाती कुदळ द्या: मंडळ्यांच्या मिशन समित्यांना खुले पत्र

प्रति,
आफ्रिकेत शिकवायला पथके पाठवणाऱ्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या मिशन समित्या, पाळकसाहेब आणि वडीलमंडळी यांस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मी नाशिकचा. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, आता निवृत्त आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या मंडळीच्या नऊ जणांच्या पथकाबरोबर पश्चिम केनियात गेलो होतो. बुंगोमा काउंटीत, एल्गॉन पर्वताच्या बाजूला, किमिलिलीपासून आत एका खेड्यात तिथल्या पाळकांची आणि मंडळीतल्या पुढाऱ्यांची चार दिवसांची परिषद होती. आम्ही तिथे शिकवायला गेलो. परत आल्यावर रविवारी साक्ष दिली, फोटो दाखवले, सगळ्यांनी कौतुक केले. त्या साक्षीत जे सांगायचे राहून गेले ते इथे लिहितो आहे. पुढच्या दौऱ्याच्या वर्गण्या सुरू झाल्या आहेत, म्हणून आत्ताच लिहितो. आणि हा आमच्या एकट्या मंडळीचा प्रश्न नाही, म्हणून चारचौघांत लिहितो.

आधीच सांगतो, जाऊ नका असे माझे म्हणणे नाही. तिथे शिकवणाऱ्याची गरज आहे आणि ती खरी गरज आहे. एप्रिल 2023 मध्ये केनियाच्या किलिफी काउंटीतल्या शाकाहोलाच्या जंगलात प्रेते सापडू लागली आणि आकडा 400 च्या वर गेला. उपाशी राहून मरा, म्हणजे येशूची भेट होईल, असे त्यांच्या उपदेशकाने त्यांना शिकवले होते. मेलेल्यांत लहान मुले होती. किमिलिली तिथून फार लांब, देशाच्या दुसऱ्या टोकाला. तरी पहिल्या रात्री जेवणानंतर आमच्याशी बोलायला बसलेल्या पाळकांनी विषय काढला तो शाकाहोलाचाच. त्यांच्यातल्या बहुतेकांनी कुठल्याही पाळकशाळेचे तोंड पाहिलेले नाही. दिवसभर शेतात राबायचे, रविवारी संदेश द्यायचा. एक तरुण पाळक बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, चालवून घर चालवतो. तो म्हणाला, "आमच्या माणसांना खोटा शिक्षक ओळखता यावा, एवढे तरी आम्हाला शिकवा."

आम्ही काय शिकवायला गेलो होतो? आठ धड्यांची पुस्तिका. दूरदृष्टी, वेळेचे नियोजन, संघबांधणी, ध्येयनिश्चिती. कुठल्या तरी परदेशी इंग्रजी अभ्यासक्रमातून आपण ती मराठीत आणली, आपल्या शिबिरांत वापरली, आणि तिथे जाताना पुन्हा इंग्रजी करून नेली. विषय कोणते हवेत हे आम्ही त्यांना विचारलेच नव्हते. समितीच्या बैठकीत मीही होतो. मलाही ते सुचले नाही.

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. पिवळ्या तापाची लस जायच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्या आणि तो पिवळा दाखला जपून ठेवा, परत येताना आपल्या विमानतळावर मागतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. नैरोबीहून नाकुरू, एल्डोरेटमार्गे गाडीने गेलो, दिवस त्यातच गेला.

देऊळ, म्हणजे चर्च, लाल विटांचे, वर पत्रा. आत लाकडी बाके, त्यांवर दीडशेच्या आसपास माणसे. सायकलवर, पायी, एका मोटारसायकलवर तिघे तिघे अशी आलेली. शाळांना सुट्टी होती, म्हणून वर्गखोल्यांत चटया टाकून झोपायची सोय केली होती. प्रत्येकाच्या हातात चाळीस पानी वही. आम्ही जे बोलू ते सगळे उतरवून घेत होते, अगदी आम्ही सहज बोललेलेसुद्धा. एका म्हाताऱ्या पाळकांचे पवित्र शास्त्र पोत्याच्या कापडात शिवलेले होते, जाड सुईने, बारीक टाक्यांत. त्या वह्यांकडे पाहून मला धडकी भरली. शाळेत पोरे काही लिहून घेत नाहीत ही मास्तरची कायमची तक्रार असते. इथे आम्ही जे देऊ ते जसेच्या तसे घेतले जाणार होते आणि चार दिवसांनी वीस-तीस खेड्यांत पोहोचणार होते.

दुपारी तीनच्या सुमाराला रोज पाऊस. पत्र्यावर असा कोसळायचा की शेजारच्याचा शब्द ऐकू येईना. पहिल्या दिवशी आमचे शिकवणारे बंधू घसा ताणून धडा पुढे रेटत राहिले, कारण वेळापत्रकात तो धडा होता. मग मागच्या बाकावरून एका बाईने गाणे धरले, बाकीच्यांनी उचलले, आणि पाऊस थांबेपर्यंत ते देऊळ गात राहिले. त्यांना ठाऊक होते की तीन वाजता पाऊस येतो आणि तेव्हा गायचे असते.

आता तासांची गोष्ट. आमच्यातल्या एका बंधूंनी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतला, मत्तय 20. यहुदी लोक दिवसाचे तास पहाटेपासून मोजत, म्हणून तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊ, सहावा म्हणजे दुपारचे बारा, अकरावा म्हणजे संध्याकाळचे पाच, असे त्यांनी फळ्यावर मांडून समजावले. चांगली दहा मिनिटे. लोक शांतपणे ऐकत होते, पण वहीत कोणी काही लिहीत नव्हते. मला नवल वाटले. चहाच्या वेळी कारण कळले. स्वाहिलीत दिवस सकाळी सहापासूनच मोजतात. नऊ वाजले की ते 'साआ ततु' म्हणतात, म्हणजे तिसरा तास. संध्याकाळचे पाच म्हणजे 'साआ कुमी ना मोजा', अकरावा तास. येशूचे घड्याळ आजही त्यांच्या मनगटावर आहे, आणि आम्ही ते त्यांना फळ्यावर समजावत होतो. कोणी हसले नाही, कोणी अडवले नाही. पाहुण्याचा मान राखला.

आणि आमचे दुभाषी! साठीला टेकलेले पाळक, सगळे त्यांना 'मचुंगाजी' म्हणतात. या शब्दाचा अर्थ मेंढपाळ. धडा देणारा एक वाक्य बोलला की हे ते स्वाहिलीत सांगायचे, कधी कधी तिथल्या बुकुसू बोलीत पुन्हा. दुसऱ्या दिवशी मला कळले की त्यांचे शिक्षण लिमुरूचे. 1903 मध्ये मोम्बासाजवळ फ्रीरटाउनला जी पाळकशाळा निघाली ती 1930 मध्ये लिमुरूला गेली; आज ते सेंट पॉल्स विद्यापीठ आहे. आमच्या नऊ जणांत पाळकशाळेत शिकलेले दोघे. तो माणूस चार दिवस आमची वाक्ये भाषांतरित करत उभा होता आणि त्याला एक तासही शिकवायला दिला नव्हता.

त्याची किंमत तिसऱ्या सकाळी मोजावी लागली. प्रश्नोत्तरांत एकाने विचारले: साठीच्या माणसाला दोन बायका आहेत, दोघींना मुले आहेत, आता तो विश्वास ठेवतो आणि बाप्तिस्मा मागतो. मंडळी म्हणते दुसरीला घालवून दे. ती कुठे जाईल? आमच्या बंधूंनी 1 तीमथ्य 3 मधले 'एका स्त्रीचा पती' हे वचन वाचले, देवाची योजना एका पत्नीचीच आहे असे सांगितले आणि पुढचा प्रश्न घेतला. दोन मिनिटांत निकाल. मचुंगाजींनी ते उत्तर सांगितले, पण सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. संध्याकाळी ते मला म्हणाले की तिसऱ्या बाकावर बसलेली मामा (तिथे बाईला आदराने मामा, म्हणजे आई, म्हणतात) स्वतः दुसरी बायको आहे, नवरा वारल्यावर दोन्ही घरची मुले तिनेच सांभाळली, आणि मंडळीत तिला प्रभुभोजन मिळत नाही. मग त्यांनी सांगितले की हा प्रश्न त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चर्चेत आहे. 1988 च्या लॅम्बेथ परिषदेत, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेत, आफ्रिकेच्या बिशपांच्या आग्रहाने अँग्लिकन मंडळीने ठराव केला, की अशा माणसाला त्याच्या विश्वासणाऱ्या बायकामुलांसह बाप्तिस्मा देता येईल, त्याने पुन्हा लग्न करू नये, पण आहे त्या बायकांना टाकून देण्याची सक्ती त्याच्यावर नको. इतर मंडळ्यांचे नियम वेगळे आहेत, वाद मिटलेला नाही. तो ठराव पटो न पटो, त्या खोलीत या प्रश्नावर आयुष्य घालवलेला माणूस उभा होता आणि उत्तर दिले ते आम्ही, ज्यांच्यापुढे हा प्रश्न कधी आलाच नाही.

त्या मामाचा चेहरा मला आठवतो. तिने तेही उत्तर वहीत लिहून घेतले होते.

स्वयंपाकाचे सांगतो, कारण ते सर्वांत जास्त लागले. आमच्या समितीने आधी पाठवलेल्या पत्रात 'पथकाला चपाती चालेल' असे एक वाक्य होते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, त्यांना सोपे जावे असा. तिथे चपातीला चपातीच म्हणतात, पण ती सणासुदीची वस्तू आहे. रोजचे जेवण उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत सुकुमा विकी, पालेभाजी. शेकडो माणसांची उगाली मोठ्या सुफुरियात, म्हणजे पातेल्यात, लाकडी उलथण्याने एकदाच हाटतात आणि मोकळ्या होतात. चपातीला मात्र माणसे अडकतात. तीन दगडांच्या चुलींपाशी चौदा बायका सकाळपासून आमच्यासाठी लाटत आणि भाजत होत्या. या बायका स्वयंपाकाला आलेल्या नव्हत्या. मंडळीतल्या स्त्रियांच्या पुढारी म्हणून त्या परिषदेला आल्या होत्या, त्यांच्याही पिशवीत वह्या होत्या. पहिले दोन दिवस त्यांचे एकही सत्र झाले नाही. आणि वर कोंबडी कापली की तिची पेटी, म्हणजे जठर, माझ्या ताटात यायची, कारण त्यांच्या रीतीने तो घरातल्या वडीलधाऱ्याचा मान. मी ती खाल्ली. नाही म्हणणे जमले नसते, आणि घास उतरतही नव्हता.

तिसऱ्या दुपारी मी स्वयंपाकाकडे गेलो आणि हातवाऱ्यांनी सांगितले की आमच्यासाठी चपात्या बंद, आम्हाला सगळ्यांबरोबर उगाली वाढा, आणि मला काहीतरी काम द्या. तिथली सर्वांत म्हातारी मामा काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मचुंगाजींनी अर्थ सांगितला. स्वाहिलीत म्हण आहे: 'म्गेनी सिकू म्बिली, या ततु म्पे जेंबे.' पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल जाते म्हणतात. त्यांच्याकडे त्याला घरातला धरतात. मला पाण्याचे दोन कॅन दिले आणि हापशाची वाट दाखवली.

पाणी आणता आणता बोलणे झाले आणि त्यातून माझे एकच उपयोगी काम झाले. मंडळीच्या खजिनदार बाईंनी विचारले, तुम्ही गणिताचे मास्तर ना, मग आम्हाला 'हेसाबू' शिकवाल का? हेसाबू म्हणजे हिशोब. मयताच्या खर्चाला, देवळाच्या पत्र्याला, कोणाच्या दवाखान्याला तिथे हरांबे करतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायची. पैसे प्रामाणिकपणे जमतात, पण नोंद नसते, मग संशय येतो, आणि संशयाने मंडळ्या फुटतात. हे मला ओळखीचे वाटले. आंब्याच्या झाडाखाली बसून मी वहीच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रोजची शिल्लक खाली, दोन सह्या. चौदाही बायका बसल्या होत्या, पिठाच्या हातांनी. पावसाआधी दीड तास मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष पाळकांनी तोच वर्ग पुन्हा मागितला, आणि मी सांगितले की आता खजिनदार बाई घेतील. त्यांनी घेतला, माझ्यापेक्षा चांगला, कारण त्यांची उदाहरणे तिथल्या मक्याच्या पोत्यांची आणि तिथल्या मयतांची होती.

भाषेबद्दलही लिहायला हवे. आम्ही एक शब्द न शिकता गेलो. आणि तिथे पाहतो तर पुस्तकाला 'किताबू', शाईच्या लेखणीला 'कलामू', औषधाला 'दावा', जगाला 'दुनिया', रंगाला 'रांगी', दुकानाला 'दुका', बातमीला 'हबारी'. अरबी समुद्रातल्या गलबतांनी दोन्ही किनाऱ्यांवर हेच शब्द उतरवले. मराठी माणसाला तीन महिन्यांत मोडकेतोडके स्वाहिली येऊ शकते. भारतीय माणूस त्यांना नवा नाही. युगांडा रेल्वे बांधायला 1896 पासून गेलेले मजूर, मग गावोगावचे दुकानदार, यांच्यामुळे 'म्हिंदी' त्यांच्या परिचयाचा, पण तो गल्ल्यामागे बसलेला. बाकावर शेजारी बसून प्रार्थना करणारा म्हिंदी पाहून त्यांना आश्चर्य वाटले, आणि ते आश्चर्य मोठे प्रेमळ होते.

बंधूंनो, या किनाऱ्याशी आपले नाते रेल्वेपेक्षा जुने आहे. नाशिकला शरणपूर रोडवरून मी आयुष्यभर ये-जा केली. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवले. इंग्रजांच्या आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली की सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवत, आणि त्यांतली कितीतरी शरणपूरला येत. तिथे ती वाचायला लिहायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. 1866 मध्ये आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या सफरीत शरणपूरची नऊ मुले होती. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियात तो वारला, तेव्हा झाडाच्या खोडावर त्याचे नाव कोरणारा जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेलाच. लिव्हिंगस्टनचे शव पायी किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांचा म्होरक्या चुमा, त्याचा बाप्तिस्मा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या हातून झाला होता. पुढे शरणपूर चालवणारे प्राइससाहेबच मोम्बासाला गेले आणि त्यांनी फ्रीरटाउन उभे केले. त्याला नाव दिले ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे आपल्याकडे वाढलेले दोघे तिथल्या मंडळीचे शिक्षक झाले आणि 1885 मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. केनियात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

हे मी मचुंगाजींना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. ज्या शाळेत ते शिकले तिची मुळे फ्रीरटाउनला, आणि फ्रीरटाउनची मुळे माझ्या घराजवळच्या रस्त्यावर. तेव्हा आफ्रिकेला शिकवायला आम्ही पहिल्यांदा निघालो, असे कोणी म्हणू नये. नाशिकहून आफ्रिकेत शिकवायला पहिले गेले ते आफ्रिकीच होते.

1971 मध्ये केनियाचे रेव्हरंड जॉन गाटू अमेरिकेत मिलवॉकीला उभे राहून म्हणाले की मिशनरी परत न्या, आमच्या मंडळीला आपल्या पायांवर उभे राहू द्या. 1974 मध्ये लुसाकाच्या अखिल आफ्रिका मंडळी परिषदेत तोच सूर उमटला. ते बोलणे पाश्चात्त्यांना होते, आपल्याला नव्हे, असे मी धरून चाललो होतो. पण नऊ तिकिटे, परक्यांची पुस्तिका, न विचारता ठरवलेले विषय, बाजूला बसवलेले तिथले शिक्षक, हे सगळे आम्ही तसेच केले. आणि आपल्याला तरी हे माहीत असायला हवे होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन देवळात आणले, मिशनची नोकरी 1917 मध्ये सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तो याच दुखण्यामुळे. परक्या सुरांत प्रार्थना करण्याचे कष्ट मराठी मंडळीने सोसले आहेत.

म्हणून समित्यांना माझे मागणे असे. विषय त्यांना ठरवू द्या. निघताना मी मचुंगाजींकडून वहीचे एक पान लिहून आणले आहे. त्यावर रूथचे पुस्तक आहे, विधवा आणि जमीन यांच्यासाठी, मयताचा खर्च आहे, हिशोब आहे, खोटा शिक्षक कसा ओळखावा हे आहे. दूरदृष्टी आणि ध्येयनिश्चिती त्यात नाही. नऊ जणांऐवजी तिघे जा, पण चार दिवसांऐवजी महिनाभर राहा, आणि आधी स्वाहिली शिका. तिथले शिकलेले पाळक मुख्य शिक्षक, आपण त्यांचे मदतनीस, असे वेळापत्रक करा. जे सगळ्यांना वाढतील ते खा.

आणि ती प्रमाणपत्रे छापू नका. शेवटच्या दिवशी आम्ही सोनेरी कडेची प्रमाणपत्रे वाटली, 'पाळकीय प्रशिक्षण पूर्ण' असे लिहिलेली. शाकाहोलानंतर केनियात पाळकांना शिक्षणाची अट असावी अशी चर्चा चालू आहे. तिथे उद्या कोणी तो कागद पुढे करील आणि आपण चार दिवसांत ज्याला प्रशिक्षित ठरवले तो शेकडो माणसांचा मेंढपाळ होईल. माझी सही त्या दीडशे कागदांवर आहे. ती मी परत घेऊ शकत नाही, पुढची थांबवू शकतो. त्या छपाईचे आणि वाचलेल्या तिकिटांचे पैसे त्या बोडा-बोडावाल्या तरुण पाळकाच्या फीला द्या. त्याला पाळकशाळेत जायचे आहे, आणि ती त्याच्याच देशात आहे.

एक तिकीट मात्र ठेवा. ते उलट्या दिशेचे काढा, नैरोबीहून मुंबईचे. मचुंगाजींना शरणपूर पाहायचे आहे. निघताना त्यांनी विचारले की त्या मुलांपैकी कोणी तिथेच वारले असेल तर त्यांची थडगी आहेत का, नावे लिहिली आहेत का. मी म्हणालो, पाहून कळवतो. समितीने होकार दिला तर आम्ही दोघे मिळून शोधू, आणि ते आले आहेत तोवर रविवारचे संदेश त्यांना द्यायला सांगू. ते स्वाहिलीत बोलतील. दुभाषा म्हणून उभे राहण्याची तयारी मी आजपासून सुरू केली आहे.

उत्तराची वाट पाहतो.

आपला बंधू,
मंडळीचा एक सभासद
नाशिक